चौगुले सरांचा वाकडा खांब

थंडी पडायला लागली की कोल्हापुरात ते सगळ्यात आधी नाकाला कळतं. सकाळी दार उघडलं की गुऱ्हाळाचा गोडसर धूर येतो, आणि वारा फिरला की कारखान्याच्या मळीचा आंबूस वास. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. एकेका ट्रॅक्टरला दोन दोन जोडलेल्या, मागं लाल फडकं, पुढं छातीत धडकणारी गाणी. बाकीच्यांना या वासानं ताजा गूळ आठवत असेल, काकवी आठवत असेल. मला संशय यायला लागतो. कुणाचा ते नंतर ठरतं.

यात माझा एकटीचा दोष नाही. आमच्या शिरोळ भागात ऊस घालणारा माणूस वजनकाट्यावर विश्वास ठेवत नाही. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, ट्रॉली कारखान्यात न्यायच्या आधी वाटेतल्या दुसऱ्या काट्यावर वजन करून घ्यायचे आणि मग कारखान्याच्या काट्यावर चढवायचे. बाहेर एकदा, आत एकदा. दोन्ही वजनं जुळली नाहीत की भांडण ठरलेलं. जुळली की मात्र ते दोन्ही पावत्या उलटसुलट करून बघायचे. "जुळलं कसं?" असं स्वतःशीच म्हणायचे. "दोघं सामील असणार." अशा घरातली मुलगी पुढं वजनमाप खात्यात निरीक्षक झाली, याचं गावात कुणालाच नवल वाटलं नाही. मी काटा तपासते, तो बरोबर निघतो, आणि भोवती उभी असलेली माणसं माझ्याकडंच बघत राहतात. बाई येणार हे काटेवाल्यांना आधी कळलं असणार, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असतं.

या हंगामात संशयाला नाव मिळालं ते एका फोनमुळं. मी जिथं शिकले त्या कॉलेजच्या प्राचार्यबाईंचा फोन होता. आमचे चौगुले सर अजून तिथं मुलींचा बास्केटबॉलचा संघ घेतात. नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना बराच काळ झाला, पण दर वर्षी कॉलेज त्यांना आणखी एक वर्ष म्हणून ठेवून घेतं. आता पुण्याहून एक तरुण प्रशिक्षक यायला तयार आहे. लॅपटॉपवर खेळ मांडून दाखवतो म्हणे.

"तुम्ही सरांच्या हाताखाली खेळलात," बाई म्हणाल्या, "आणि तुमचं कामच मापाचं. एक मॅच बघा आणि मला तोंडी सांगा. सरांकडं खेळाचं डोकं आहे, की नुसतं नाव झालंय? बाकीचे सगळे त्यांच्या पाया पडणारे आहेत. तुम्ही पडणार नाही असं ऐकलं."

कुणाकडून ऐकलं, हे विचारायचं राहून गेलं. पण पुढच्या हंगामात चौगुले सर मैदानावर असणार की घरी, हे माझ्या एका वाक्यावर येऊन थांबलं होतं. हे मला आवडलं नाही, आणि थोडं आवडलंही.

सर मूळचे तालमीतले. कान मोडलेले, मान खांद्यात रुतलेली, अंगावर बारा महिने तोच बिनबाह्यांचा निळा स्वेटर. आमचं शहर चेंडू पायानं खेळतं. पेठेच्या फुटबॉल मॅचला स्टेडियम भरून वाहतं, आणि हातानं चेंडू खेळणाऱ्या मुलींकडं बघायला फार तर भेळवाला यायचा, तोही सावली धरायला. अशा गावात कुस्ती सोडलेल्या या माणसानं बास्केटबॉल का धरला, याचा उलगडा मला झालेला नाही. सर म्हणायचे, "कुस्ती आन् हे एकच. आधी हाताला हात लावून बघायचं गडी कसा हाय. पयल्याच झटक्याला डाव टाकतो तो येडा."

मी त्यांच्या संघात होते तो हंगाम मला वासासकट आठवतो. भल्या सकाळी सिमेंटच्या मैदानावर दव असायचं, बूट सरकायचे, चेंडू हाताला दगडासारखा लागायचा. गडमुडशिंगीहून रेश्मा यायची, घरच्या म्हशींची धार काढून. तिच्या हाताला दुधाचा वास आणि पासला बंदुकीचा वेग. मी शिरोळची, हॉस्टेलवर राहणारी, आणि मला एक गोष्ट फार छान जमायची. लांबून, रिंगभोवती आखलेल्या कमानीच्या बाहेरून, चेंडू रिंगला न शिवता जाळीत घालायचा. तो सर्रकन आवाज झाला की माझ्या पोटात काहीतरी निवायचं.

सरांना तो आवाज सहन व्हायचा नाही. "फळीवर मार," ते म्हणायचे. म्हणजे रिंगच्या मागच्या बोर्डावर जो काळा चौकोन असतो, तिथं चेंडू आपटून आत घालायचा. "लांबनं दगड भिरकावू नगं. फळी बघ, फळीवर मार." मी दोनदा ऐकायचे आणि तिसऱ्यांदा लांबून मारायचे. मग पुढचा सगळा वेळ बाकावर.

बाकावर बसलेल्या माणसाला खेळ नीट दिसतो. मला जे दिसलं ते असं.

आमच्या मैदानाला पूर्वेला एक रिंग आणि पश्चिमेला एक. पश्चिमेच्या रिंगचा लोखंडी खांब वाकडा होता. पूर्वी कधीतरी पाण्याचा टँकर मागं घेताना त्याला लागला होता. गेटातून आत आलं की आधी तोच दिसायचा, दारू प्यायलेल्या माणसानं भिंतीला टेकावं तसा कललेला. कॉलेजनं वेल्डर पाठवला की सर त्याला चहा पाजून परत पाठवायचे. "हंगाम झाल्यावर बघू की." हंगाम झाल्यावर कुणी बघायचं नाही.

मॅच नेहमी दुपारी चारला. बाजू निवडायचा मान पाहुण्या संघाचा असतो, पण सर तो मान असा द्यायचे, जसं काही घरातलं दूधच देतायत. "पावणं, बाजू तुम्ही घ्या. कुठली पायजे ती." पाहुणे मान वर करून बघायचे. पश्चिमेला सूर्य डोळ्यांत येतोय, म्हणून ते पूर्वेच्या रिंगवर हल्ला करायचं ठरवायचे. कुणीही तेच ठरवील. मग पहिला अर्धा खेळ आम्ही डोळे बारीक करून सूर्याकडं चेंडू फेकायचो आणि मागं पडायचो. मध्यंतरानंतर बाजू बदलायच्या. तोवर सूर्य लायब्ररीच्या इमारतीमागं गेलेला असायचा, आम्हाला पूर्वेची सरळ रिंग मिळायची, आणि दमलेल्या पाहुण्यांसमोर तो वाकडा खांब. त्यांचे चेंडू रिंगवर फिरून बाहेर यायचे. आम्ही जिंकायचो. दुसऱ्या दिवशी सगळीकडं तेच, चौगुले सर म्हणजे दुसऱ्या हाफचे सर, मध्यंतरात काय मंत्र घालतात कोण जाणे.

मंत्र नव्हता. मध्यंतरात ते आम्हाला मोसंबीच्या फोडी द्यायचे आणि एकीकडं पाहुण्यांच्या सरांना चहा. मला त्या चहाचासुद्धा संशय होता.

मी रेश्माला म्हटलं, "अगं, आपण नाही जिंकत. तो खांब जिंकतो."

"जिंकतोय न्हवं?" ती म्हणाली. "मग गप बस की. मी इतक्या लांबनं येतो ते हारायला व्हय?"

आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात, मी येतो, मी जातो. तिचं खरं होतं, पण मी आबांची मुलगी. मापात खोट दिसली की मला रात्रीचं जेवण जात नाही. सर मोठे डावपेची आहेत, असं ज्याला म्हणतात ते सगळं एका लोखंडाच्या वाकण्यावर उभं आहे, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि दिसत असून मी बाकावर होते.

त्या हंगामाची फायनल सांगलीत झाली. छप्पर असलेलं मैदान, ऊन नाही, दोन्ही खांब शिपायासारखे सरळ. तिथं सरांचं सगळं उघडं पडलं. समोरच्या मुली आमच्याच अर्ध्या मैदानात येऊन गळ्यात पडल्या, चेंडू पुढं न्यायलाच जागा देईनात. अशा वेळी प्रशिक्षकानं खेळ थांबवून दोन शब्द सांगायचे असतात. सरांनी थांबवला नाही. "कुस्तीत मधी पाणी पितात व्हय?" हे त्यांचं त्यावरचं म्हणणं. दमलेल्या मुलींना बदललं नाही, कारण पहिल्या पाचजणींवर त्यांचा जीव. फळीवर मारायची सवय लागलेल्या आमच्या मुली लांबून मोकळ्या असूनही रिंगजवळ धावत जात होत्या आणि चेंडू हरवत होत्या. मी बाकावरून उठून उभी राहिले. सर म्हणाले, "बस." विद्यापीठाच्या संघाची निवड करणारे लोक समोरच बसले होते. मी बसले. तिथं बसून जो राग आला तो अजूनही पूर्ण गेलेला नाही, हे इथंच सांगून टाकते.

परत येताना सरांनी गाडी नृसिंहवाडीला वळवली. हरलो तरी दत्ताला तोंड दाखवायचं, असा त्यांचा नेम. घाटावर पाणी संथ होतं, पायऱ्या गार. मला घरी न्यायला आबा तिथंच मोटारसायकल घेऊन आले होते. त्यांनी सरांना रामराम घातला आणि विचारलं, "काय झालं, सर?"

"तिथला खांब सरळ हुता, आबा," सर म्हणाले.

आबा मनापासून हसले. दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून हसले. मी पायरीवर बुटांच्या नाड्या सोडत होते. माझ्यासाठी तो कबुलीजबाब होता. माणूस स्वतःच्या तोंडानं बोलला होता, यापुढं पुरावा कशाला हवा?

तर इतक्या हंगामांनंतर मी सरांचं माप घ्यायला निघाले होते, आणि काम सोपं वाटत होतं. कारण गेल्या उन्हाळ्यात कॉलेजनं मैदान नवं केलं. सिमेंटवर निळा-लाल रंग दिला, जुने खांब काढले, नवे बसवले. सरांनी जुना खांब काढू नका म्हणून बरीच विनवणी केली, असं कानावर आलं. ते ऐकून मला बरंच वाटलं. खांब गेला, आता काय राहतंय ते बघू.

मॅचच्या दिवशी मी सकाळीच गेले. पिशवीत पाणसळ होती, सपाटी बघायची, आत पाण्याचा बुडबुडा असलेली. जिन्याखालची शिडी ओढून आणली, साडी खोचली आणि पश्चिमेच्या नव्या रिंगवर पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. पूर्वेला ठेवली, तिथंही मधोमध. सराव करणाऱ्या मुली खालून बघत होत्या. त्यांची कॅप्टन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मावशी, रिंग चोरायला आलाय व्हय?" मी सरकारी काम आहे म्हणून सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही, आणि त्यासाठी ती मला आवडली.

दुपारी रेश्मा आली. ती आता गडमुडशिंगीत गोठा सांभाळते, सून हाताशी आली तरी धार स्वतःच काढते. तिला मी सगळं सांगितलं.

"तू सरांस्नी घालवायला आलीयास," ती म्हणाली.

"मी बघायला आले."

"ते घरी बसलं तर महिन्याभरात वाळून जातील. घरात हाय कोण? पोरगं परदेशात, मालकीणबाई वारल्या. पहाटे उठून ह्या मैदानावर येतात म्हणून माणूस उभा हाय. बघ मग, काय बघायचं ते बघ."

सर म्हातारे झालेत. तोच स्वेटर, आता आत जागा जास्त. माझ्याकडं बघून त्यांनी मान हलवली आणि पाहुण्यांच्या सरांकडं वळले. "पावणं, बाजू तुम्ही घ्या. कुठली पायजे ती." पाहुण्यांनी वर बघितलं, डोळ्यांवर हात धरला, आणि पूर्वेची रिंग घेतली.

पहिला अर्धा खेळ जुन्यासारखाच गेला. आपल्या मुली सूर्याकडं तोंड करून खेळत होत्या आणि मागं पडत होत्या. मी कमतरता मोजत गेले. खेळ थांबवला नाही, बरोबर. बाकावरची एकही मुलगी आत घातली नाही, बरोबर. लांबून मारणारी एक उंच मुलगी होती, तिला सर ओरडले, "फळी बघ." बरोबर. माणूस जराही बदललेला नव्हता. प्राचार्यबाईंना काय सांगायचं ते मध्यंतरापर्यंत माझ्या मनात तयार झालं होतं.

मध्यंतरात मी पाण्याच्या पिंपाजवळ गेले. पाहुण्या संघाच्या दोघी तिथं तोंड धूत होत्या. एकीनं पश्चिमेकडं बघितलं आणि म्हणाली, "हीच ती रिंग. आमच्या सरांनी सांगितलंय, या बाजूची वाकडी असते."

"सरळ दिसते की," दुसरी म्हणाली.

"दिसते. जपून मार."

आणि त्या जपून मारू लागल्या. मी माझ्या हातानं तपासलेल्या रिंगवर, जिचा बुडबुडा मधोमध होता, त्या मुली चेंडू सोडायच्या आधी क्षणभर थांबत होत्या. तेवढ्या क्षणात आपल्या मुली हात आडवे घालत होत्या. चेंडू रिंगवर फिरून बाहेर येत होते. लायब्ररीची सावली मैदानावर पसरत गेली आणि आपण जिंकलो. रेश्मानं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की पाणसळ पिशवीतून खाली पडली.

ती सरांनीच उचलून दिली. कधी येऊन उभे राहिले कळलं नाही.

"सकाळी शिडी लावलीस म्हणं," ते म्हणाले.

"हो, सर."

"सरळ हाय न्हवं?"

"सरळ आहे."

"जुनीबी सरळच हुती." त्यांनी पाणसळ डोळ्यांसमोर धरून बुडबुडा इकडून तिकडं पळवला. "टँकर लागला त्याच आठवड्यात मी फळी आन् रिंग दोन्ही सरळ करून घेतलती, वेल्डरला उभा करून. खांब तेवढा ऱ्हाऊ दिला."

"का?"

"बघणाऱ्याला तो दिसतोय म्हणून. खांब वाकडा दिसला की माणूस रिंगवर संशय घेतंय. संशय आला की हात आखडतोय. मला काय करावं लागतंय मग?"

मी म्हटलं, "आणि फळीवर मारा?"

"ऊन डोळ्यात असलं की रिंग दिसत न्हाय. फळीचा काळा चौकोन दिसतोय." ते माझ्याकडं बघून हसले. "तू येवढी मापं काढणारी पोरगी, तवा कधी शिडी लावली न्हाईस."

हे खरं होतं. जिथं प्रत्येक ट्रॉली दोनदा काट्यावर चढते, त्या घरातली मी, एक वाकडा खांब बघून रिंग वाकडी समजून बसले होते. घाटावर सर म्हणाले होते, तिथला खांब सरळ हुता. त्यात कबुली नव्हती. सांगलीत कुणी कशाला भ्यायलं नाही, एवढंच ते सांगत होते. मी हे रेश्माला सांगितलं तर ती म्हणाली, "आमाला म्हाईतच हुतं," जे मुळीच खरं नसावं.

पण घरी पोचेपर्यंत दुसरा विचार डोक्यात शिरला. जुना खांब, फळी, रिंग, सगळं भंगारात वितळून गेलं. सर म्हणतायत ती सरळ होती. कशावरून? वेल्डर कोण, कुठला, आहे का? हा माणूस संशयावर खेळतो, हे तर आज कळलं. मग मला सांगितलं ते तरी कोणत्या खेळातलं? आबांना फोन केला. ते सगळं ऐकून म्हणाले, "रिंग सरळ हुती म्हंतोय? मग खोटंच असणार." फोन ठेवता ठेवता म्हणाले, "न्हाईतर खरं."

दुसऱ्या दिवशी प्राचार्यबाईंच्या खोलीत बसले. त्यांनी चहा मागवला. मी सांगायला लागले. सरांना वेळेवर खेळ थांबवता येत नाही, बदली खेळाडू वापरता येत नाहीत, लांबून मारणाऱ्या मुलीचं त्यांच्याकडं नुकसान होतं, ते माझं झालंय. परक्या मैदानावर, जिथं त्यांना कुणी ओळखत नाही, तिथं ते निम्मे उरतात. पण समोरच्या माणसाच्या मनात काय चाललंय हे त्यांच्याइतकं ओळखणारा मी पाहिलेला नाही, आणि त्यात मी आमचे आबाही धरते.

"म्हणजे डोकं आहे?" बाईंनी विचारलं.

"आहे असं दिसतं."

"दिसतं म्हणजे? मला हो की नाही सांगा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "एका वजनावर सांगता यायचं नाही, मॅडम. आणखी एक हंगाम बघायला लागेल."

बाईंनी माझ्याकडं निरखून बघितलं आणि मान डोलावली. पुण्याच्या मुलाला एक वर्ष थांबायला सांगते, म्हणाल्या.

परतताना शिवाजी पुलाच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकले. मळीचा वास, गाणी, पुढं लाल फडकं हलतंय. काच वर करून बसले आणि तेव्हा ते लक्षात आलं. माझ्याबद्दल, ही बाई पाया पडणार नाही, हे प्राचार्यबाईंनी कुणाकडून ऐकलं होतं? त्यांच्या ओळखीत मला असं ओळखणारा एकच माणूस आहे. शिरोळची मुलगी एका वजनावर कधी बोलत नाही, हे त्याला घाटावर आबांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हापासून माहीत आहे. पाया पडणारी कुणी बोलावली असती तर बाईंनी ऐकलं नसतं. संशय घेणारी बोलावली, तर एक हंगाम नक्की मिळणार होता.

राग यायला हवा होता. मी गाडीत एकटीच मोठ्यानं हसले.

पुढच्या थंडीत मी पुन्हा जाणार आहे, पाणसळ घेऊन, भल्या सकाळी. सरांनी शिडी आधीच रिंगखाली लावून ठेवलेली असेल.